बेअरिंग तुटेपर्यंत

आमच्या यांत्रिकी विभागाच्या इमारतीत बायकांसाठी संडास नव्हता. इमारत बांधणाऱ्यांना तिथे कधी बाई येईल असं वाटलंच नसावं. खाली वर्कशॉप आणि प्रयोगशाळा, वर वर्ग, त्याच्याही वर प्राध्यापकांच्या खोल्या, आणि सगळीकडे पुरुष. बायका आम्ही दोघीच. एक मी, ऑफिसातली टायपिस्ट. दुसऱ्या केळुसकर मॅडम, लेक्चरर.

नोकरीला लागले त्या पहिल्याच दुपारी मी ऑफिसच्या दारात घुटमळत उभी होते. विचारायचं कुणाला तेच कळेना. तेवढ्यात जिन्यावरून एक उंच, किडकिडीत बाई उतरल्या. हाताला खडू लागलेला. माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "नवीन ना तू? चल."

"कुठे?"

"तुला जिथे जायचंय तिथे."

मैदान ओलांडून पलीकडे रसायनशास्त्राच्या इमारतीत जावं लागायचं. उन्हात, पावसात, परीक्षा चालू असताना, रोज दोनदा. ऐंशीच्या दशकातली कितीतरी वर्षं आम्ही दोघींनी ते मैदान मिळून ओलांडलं. मॅडमना मी जी काही ओळखते, ती बहुतेक त्या मैदानातली.

त्या तेव्हा चाळिशीच्या आसपास असतील. सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला. फिरत्या पट्ट्यात पदर अडकला की काय होतं ते त्या दरवर्षी पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना बजावून सांगायच्या, आणि पोरं एकमेकांकडे बघून हसायची, कारण अख्ख्या वर्गात पदर असलेल्या त्या एकट्याच. पर्समध्ये कंगवा, रुमाल, पास आणि एक लांब स्क्रू ड्रायव्हर. चालू मशीनला त्याचं टोक टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची, म्हणजे आतलं बेअरिंग कसं फिरतंय ते ऐकू येतं. कारखान्यातले जुने फिटर असं करतात. मॅडम दिसेल त्या फिरत्या वस्तूला करायच्या. ऑफिसातला टेबल फॅन, हेड सरांची स्कूटर, कँटीनचा मिक्सर.

माझं लग्न घाटकोपरच्या एका हॉलमध्ये झालं. मॅडम आल्या, अक्षता टाकल्या, आणि जेवायला बसायच्या आधी हॉलमधल्या मोठ्या उभ्या पंख्याला स्क्रू ड्रायव्हर लावून डोळे मिटून उभ्या राहिल्या. माझ्या सासूबाई बघतच राहिल्या. मॅडमनी हॉलच्या मॅनेजरला बोलावून सांगितलं, "हा पंगती उठेपर्यंत चालेल. रिसेप्शनला दुसरा आणा." मॅनेजर हसला आणि विसरला. रिसेप्शनच्या सगळ्या फोटोंत मी आणि आमचे हे घामाघूम आहोत.

त्यांचं पीएच.डी.चं कामही बेअरिंगचंच होतं. छर्‍यांचं बेअरिंग एक दिवस अचानक तुटतं, मशीन बंद पडतं, कधी माणूसही जखमी होतो. पण तुटायच्या आधी त्याची थरथरायची तऱ्हा बदलत जाते. ती वेळीच ओळखता आली तर? एवढंच. हे मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल. त्यासाठी मॅडमनी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक यंत्र उभं केलं होतं, त्याला सगळे रिग म्हणायचे. लोखंडी पाया, मोटर, लांब दांडा, दांड्यावर भरपूर वजन लादलेलं एक बेअरिंग, आणि थरथर टिपणारी एक पेटी. पेटीचं पेन कागदाच्या गुंडाळीवर सारखी रेघ ओढत असायचं.

दांडा साकीनाक्याच्या एका गाळ्यातून कातून घेतला होता. तिथला लेथवाला म्हणाला, "मॅडम, साहब को भेज दो ना, साइज समझाने को."

"साहेब मीच," मॅडम म्हणाल्या, आणि स्टूल ओढून लेथपाशी बसल्या. दांडा हातात पडेपर्यंत उठल्या नाहीत. पुढे तो लेथवाला दर दिवाळीला मिठाईचा पुडा पाठवायचा. वर लिहिलेलं असायचं, साहेब मॅडम.

रिग सुरू झाली आणि वाट बघणं सुरू झालं. बेअरिंग तुटल्याशिवाय, तुटण्याआधी काय होतं ते कळणार कसं? आणि ते तुटेना.

आमचे हेड डॉ. बर्वे. माणूस हौशी. आपल्या विभागात काय काय चाललंय ते सगळ्या विद्यापीठाला कळलं पाहिजे म्हणून त्यांनी दर महिन्याला इंग्रजीत एक वार्तापत्र काढायला घेतलं. कुणी कुठल्या परिषदेत पेपर वाचला, कुणाला अनुदान मिळालं, कुणाच्या घरी मुलगा झाला. बातम्या माझ्याकडे यायच्या, मी स्टेन्सिल कापायची, शिपाई सायक्लोस्टाइल काढायचा आणि दोघांची बोटं दोन दिवस काळी. मॅडमची बातमी दर महिन्याला एकच. काम चालू आहे.

एकदा बर्वे सर त्यांना ऑफिसातच म्हणाले, "मॅडम, काहीतरी नवीन द्या हो. लोकांना वाटेल विभाग झोपलाय."

"बेअरिंग तुटलं की देते, सर."

"पण कधी तुटेल?"

"ते सांगता आलं असतं तर माझी पीएच.डी.च झाली असती, सर."

सगळं ऑफिस हसलं. बर्वे सरही हसले. त्या दिवसापासून तो विभागाचा विनोद झाला. जिन्यात, कँटीनमध्ये, मीटिंगला, जो तो विचारायचा, "काय मॅडम, तुटलं का?" आणि मॅडम म्हणायच्या, "नाही अजून." पहिलं वर्ष ते गमतीचं होतं. नंतर विचारणारे उत्तरासाठी थांबेनासे झाले. विचारून पुढे निघून जायचे. मॅडम तरीही उत्तर द्यायच्या, त्यांच्या पाठीला.

खरं तर त्या कामाला एवढा वेळ लागायला नको होता. पुरुषांचे प्रयोग रात्रंदिवस चालायचे. बायकांनी सहानंतर प्रयोगशाळेत थांबायचं नाही असं कुठलं तरी जुनं परिपत्रक होतं, त्यामुळे मॅडमची रिग सहाला बंद व्हायची ती सकाळपर्यंत. मीटिंगमध्ये त्यांनी विषय काढला तेव्हा बर्वे सर म्हणाले, "तुमच्याच काळजीने म्हणतो हो."

"काळजी नको सर, चावी द्या."

चावी मिळाली नाही.

एकदा ताप आला म्हणून मॅडम आठवडाभर आल्या नाहीत. कसल्या तरी कागदावर त्यांची सही तातडीने हवी होती, म्हणून मला बोरीवलीला धाडलं. त्यांची सोसायटी पार नॅशनल पार्कच्या अंगाला. तळमजल्यावर दोन खोल्या. मी बेल दाबली तर वाजली नाही, दाराच्या फटीतून आत दिवा लागल्यासारखा दिसला. पुन्हा दाबली, पुन्हा दिवा. मग दार उघडलं. दारात पांढऱ्या गंजीतले एक म्हातारे गृहस्थ.

"कोण गो तू?" ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई बाहेर आल्या.

"ऑफिसातून आलेय. मॅडम आहेत का?"

त्यांनी डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे बघितलं. "सावकाश बोल बाय. माका तोंड वाचूक व्हया."

ते मॅडमचे वडील. मालवणकडचे. सगळी हयात गिरणीच्या साचेखात्यात गेली. शेकडो माग एकदम चालतात तिथे माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं तोंडाच्या हालचालींवरून आणि हातांनी बोलतात. निवृत्त होईपर्यंत बाबांचे कान पुरते गेले, पण तोंड वाचायचं राहिलं. मॅडमनी घराची बेल काढून तिच्या तारेला दिवा जोडला होता.

मॅडम शाल गुंडाळून बाहेर आल्या आणि बाबांना काहीतरी म्हणाल्या. नुसते ओठ हलले. आवाज अजिबात नाही. बाबा "बरा, बरा" म्हणत चहा टाकायला गेले. मग मॅडम माझ्याकडे वळल्या आणि बोलायला लागल्या, तर तेही बिनआवाजाचं. मी बघतच राहिले. तेव्हा त्या दचकल्या, घसा खाकरला.

"घरात आवाज काढायची सवय नाही गं राहिली," म्हणाल्या.

त्यांची आई त्या कॉलेजात असतानाच गेली होती. त्या घरात रेडिओ नव्हता. लावणार कुणासाठी? चहा घेताना बाबा एकटेच जोरजोरात बोलत होते, माझं गाव विचारत होते. मी घाटकोपर म्हटलं तर चिडले, "ता नाय गो, गाव इचारतंय!" मॅडम मधूनमधून ओठ हलवत होत्या आणि ते हसत होते. दोघांचं काहीतरी छान चाललं होतं. मला एक अक्षर कळलं नाही.

मला फाटकापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुला एक सांगू? लॅबमध्ये बॉयलर आणि रिग दोन्ही चालू असले ना, की पलीकडच्या टोकाला उभे राहून दोघं काय बोलतात ते मला सगळं कळतं."

"कोण दोघं?"

"कुणीही दोघं."

"काय बोलतात?"

"बेअरिंगच्या आधी बाई तुटणार, असं." आणि हसल्या.

"मॅडम! वाईट नाही वाटत?"

"आवाज नसतो ना त्याला. आवाज नसला की थोडं कमी लागतं." मग म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस हं."

मी कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर प्रयोगशाळेत कागद घेऊन गेले की मला त्या वेगळ्याच दिसायला लागल्या. एवढ्या गोंगाटात रिगपाशी स्टुलावर बसलेल्या, नजर पेनच्या रेघेवर, आणि आजूबाजूला कोण काय बोलतंय ते सगळं कळत असलेल्या.

त्या प्रयोगशाळेत बॉयलर सांभाळायचे ते नाडकर्णी सर. पन्नाशीकडे झुकलेले, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. मोजकं बोलणारा, इस्त्रीच्या शर्टातला नीटस माणूस. 'तुटलं का' हे मॅडमना कधीच न विचारणारे बहुधा ते एकटेच. मॅडम जेवायला गेल्या की ते रिगवर लक्ष ठेवायचे. चहा आला की दोन कप घेऊन यायचे, एक रिगच्या पायावर ठेवायचे, आणि आपला कप संपेपर्यंत यंत्राच्या पलीकडच्या बाजूला उभे राहायचे. बोलणं शक्यच नसायचं. उभे राहायचे एवढंच.

एका दुपारी मैदानाच्या मध्यावर मॅडम अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "शुभा, नाडकर्णी सरांनी मला विचारलं."

"काय विचारलं?"

"लग्नाचं."

मी जागच्या जागी थांबले. "अय्या! कधी? कुठे?"

"रिगपाशी. चहा घेताना. मशीन चालू होतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. मला कळलं हे त्यांना माहीतच नाही. खाली कपात बघत होते, एकदम मान वर केली आणि म्हणाले, 'मॅडम, तुम्ही माझ्याशी लग्न कराल का?' आणि परत कपात बघायला लागले."

"मग सांगा ना त्यांना! आत्ता जाऊन सांगा!"

"काय सांगू? तुम्ही जे मला ऐकू जाऊ नये म्हणून बोललात ते मी ऐकलं, असं?"

मी म्हटलं, "पण तुमच्या मनात काय आहे?"

त्यांचा चेहरा उजळला होता, इतका की मीच लाजले. मग म्हणाल्या, "मोठ्याने विचारायचं धाडस झालं तर विचारतील ना. बाबांचंही सांगावं लागेल, त्यांना सोडून मी कुठे जाणार नाही. ते सगळं बोलू. आधी विचारू देत. तोवर मी थांबते."

"आणि नाही झालं धाडस तर?"

"चल," त्या म्हणाल्या, "माझं प्रॅक्टिकल आहे."

थांबण्यात त्यांचा हातखंडा होता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. चहाचे दोन कप येत राहिले. रिग घरघरत राहिली. कधीमधी मी मुद्दाम सहाच्या सुमारास काहीतरी काम काढून खाली जायची, रिग बंद झाल्यावर दोघं बोलतात का ते बघायला. नाडकर्णी सर बॉयलरची झडप बंद करायचे, मॅडम गुंडाळी काढून ठेवायच्या. "येतो," "बरं," आणि दोघं दोन दरवाज्यांनी बाहेर.

वर्षभराने नाडकर्णी सरांना मस्कतच्या एका कंपनीत नोकरी मिळाली. मला ती बातमी वार्तापत्रासाठी आलेल्या चिठ्ठीतून कळली आणि मी तशीच वर मॅडमच्या खोलीत धावत गेले. त्यांना माहीत होतं. पेपर तपासत होत्या.

"मॅडम, आता तरी बोला ना. आता नाही तर कधी?"

"त्यांनी जायचं ठरवलंय, शुभा. ठरवलेल्या माणसाला मध्येच काय अडवायचं?"

निरोपसमारंभ झाला. समोसे, वेफर्स, भिंतीवरचं घड्याळ भेट, बर्वे सरांचं लांबलचक भाषण. मॅडम शेवटच्या रांगेत बसल्या होत्या आणि भाषण संपायच्या आधी उठून खाली गेल्या, रिग एकटी आहे म्हणून. थोड्या वेळाने मी खाली गेले, त्यांच्यासाठी बशी घेऊन. नाडकर्णी सर आधीच तिथे पोचले होते. हातात घड्याळाचं खोकं.

"येतो मॅडम!" ते मशीनच्या आवाजावर ओरडले.

मॅडम उभ्या राहिल्या. आणि बोलल्या. नुसते ओठ हलले, घरी बाबांशी हलायचे तसे. एखादा शब्द नव्हता, दोन-तीन वाक्यं तरी असतील. सगळं बोलून झालं आणि त्या सरांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

नाडकर्णी सरांनी कानाला हात लावला. "काय म्हणालात?"

मॅडमनी मान हलवली. मग मोठ्या आवाजात म्हणाल्या, "सांभाळून जा म्हटलं!"

"हो, हो!" सर म्हणाले. अजून क्षणभर उभे राहिले, खोकं या हातातून त्या हातात घेतलं आणि गेले. मी बशी रिगच्या पायावर ठेवली आणि परत फिरले. त्या काय बोलल्या ते मी कधी विचारलं नाही.

पुढच्या नववर्षाला सरांचं भेटकार्ड आलं, सगळ्या विभागाला मिळून एक. मस्कतमध्येच भेटलेल्या एका शिक्षिकेशी लग्न केल्याचं त्यात लिहिलं होतं. बर्वे सर म्हणाले, वार्तापत्रात टाका. टाकणं भाग होतं. माझं इंग्रजी कच्चं, म्हणून स्टेन्सिल कापण्याआधी मजकूर मॅडमच तपासायच्या. तो कागद मी त्यांच्यापुढे ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत नेहमीसारखा सावकाश वाचला.

"अभिनंदनाच्या स्पेलिंगमध्ये तुझा एक टी राहिलाय," म्हणाल्या, आणि कागद परत दिला.

मग विभागात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी प्रयोगशाळेतच, जुन्या बॉयलरच्या जागी, काचेची थंडगार केबिन बांधली. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. उद्घाटनाला कुलगुरू येणार, सपत्नीक. आठवडाभर नुसती रंगरंगोटी.

त्या दिवशी सकाळी मैदानात मॅडमची पावलं एवढी झपाझप पडत होती की मला पळावं लागलं. "आज बोलायला लागलंय गं," म्हणाल्या. बेअरिंगबद्दल त्या असंच बोलायच्या. मी जाऊन बघितलं, तर इतकी वर्षं सरळ चाललेली पेनची रेघ ठरावीक अंतराने उसळी मारत होती.

कुलगुरू यायच्या थोडं आधी बर्वे सर धावत आले. "मॅडम, अर्धा तास ते बंद ठेवा. भाषणं आहेत."

"नाही सर."

त्यांच्या तोंडून वरिष्ठांना 'नाही' गेलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. बर्वे सरांनीही बहुतेक पहिल्यांदाच.

"अहो, कुलगुरू येतायत!"

"सर, हे आज जातंय. जातानाच बंद केलं, तर मी एवढी वर्षं काय बघायला बसले होते?"

"पण भाषण ऐकू कसं येणार?"

"त्यांना म्हणावं जरा मोठ्याने बोला."

बर्वे सरांनी कपाळावर हात मारून घेतला, पण बटणाला हात लावला नाही. हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. कुलगुरू आले, फीत कापली, आणि एकविसाव्या शतकाबद्दल बोलायला लागले. रिगचा आवाज चढत होता, कुलगुरूंचाही चढत होता. मॅडम आमच्याकडे पाठ करून यंत्राला स्क्रू ड्रायव्हर लावून वाकून उभ्या होत्या. आणि ऐन भाषणात पत्रा फाडल्यासारखी एक किंकाळी निघाली, धाडकन काहीतरी आपटलं, जळक्या ग्रीसचा वास सुटला, आणि सगळं शांत झालं. मशीन थांबल्यावर ती जागा एवढी शांत असते हे आम्हाला माहीतच नव्हतं.

त्या शांततेत मॅडमचा आवाज आला. "तुटलं!"

"काय तुटलं?" कुलगुरूंनी घाबरून विचारलं.

"बेअरिंग, सर," बर्वे सर म्हणाले. "अपेक्षित होतं, सर. संशोधन आहे."

आधी कुणीतरी हसलं, मग सगळेच, आणि मग टाळ्या सुरू झाल्या. खऱ्या टाळ्या. जिन्यात विचारून पुढे जाणारे, लॅबच्या टोकाला कुजबुजणारे, सगळे वाजवत होते. मॅडम गोंधळून सगळ्यांकडे बघत होत्या. तेवढ्यात कुलगुरूंच्या पत्नी माझ्या कानाशी लागल्या, "अहो, लेडीज कुठे आहे?" मी त्यांना, त्यांच्या भरजरी साडीसकट, भर दुपारी मैदान ओलांडून रसायनशास्त्रात घेऊन गेले. पुढच्या सत्रात आमच्या जिन्याखालच्या खोलीत बायकांचा संडास झाला. मॅडमनी त्यासाठी किती अर्ज दिले होते ते मी टाइप केल्यामुळे मला ठाऊक आहे.

परत आले तर सगळे काचेच्या केबिनमध्ये थंड पेयं पीत होते. मॅडम बाहेर रिगपाशी एकट्या, जुन्या फडक्यावर बेअरिंगचे छर्रे गोळा करत.

"मॅडम, आत या ना. बोलावतायत."

"येते." मग म्हणाल्या, "ऑफिसातला फोन मोकळा आहे का गं?"

"आहे ना. कुणाला करायचाय?"

बाबांना फोन ऐकू येत नव्हता. काचेच्या केबिनकडे त्यांनी एकदा बघितलं, जिथे पूर्वी नाडकर्णी सरांचा बॉयलर होता तिकडे.

"राहू दे," म्हणाल्या. "आज माझ्याबरोबर बोरीवलीला येशील?"

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. मी घरी निरोप धाडला आणि गेले. वाटेत त्यांनी पेढे घेतले. बाबा खाटेवर बसले होते, आता बरेच थकलेले. मॅडम त्यांच्यापुढे बसल्या आणि सांगायला लागल्या. ओठ, हात, डोळे, सगळं बोलत होतं. बाबा तोंडाकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुटला? बरा झाला! मगे आता काय करतलंस?"

मॅडमनी पेढ्यांचा पुडा उघडला.

पुढचं लवकर झालं. प्रबंध झाला, तोंडी परीक्षा झाली, वार्तापत्रात पहिल्या पानावर डॉ. केळुसकर म्हणून बातमी आली. ती टाइप करताना माझी एकही चूक झाली नाही. कॉम्प्युटरची केबिन वाढवायची म्हणून रिग हलवायला सांगितलं, मॅडमनी तक्रार केली नाही. "तिचं काम झालंय," एवढंच म्हणाल्या. आता त्यांना जिन्यात कुणी काही विचारत नव्हतं. इमारतीतच सोय झाल्यामुळे आमचं मैदानही सुटलं. एका मजल्यावर मी, एका मजल्यावर त्या, कधी कधी आठ-आठ दिवस भेट होत नसे. त्या पावसाळ्यात बाबा झोपेतच गेले. मी भेटायला गेले तेव्हा मॅडम रडत नव्हत्या. येणाऱ्या प्रत्येकाचं ऐकून घेत होत्या, मान हलवत होत्या.

वर्षभरात त्यांनी राजीनामा दिला. कोकणात एका नव्या तंत्रनिकेतनात जागा होती. बर्वे सर समजवायला गेले, बढतीचं बोलले. मी भांडले. म्हटलं, "तिथे कोण आहे तुमचं?"

"इथे तरी?" त्या म्हणाल्या, आणि माझा चेहरा बघून घाईने माझा हात धरला. "तुझं तसं नाही गं. तू आहेसच. पण तुला घर आहे."

बोरीवलीहून संध्याकाळची एस.टी. होती. मी पोचवायला गेले. सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि पुस्तकांची दोन खोकी. हमालाने सगळं टपावर चढवलं. मॅडमना खिडकीची जागा मिळाली होती. गाडीला वेळ होता, मी खाली खिडकीपाशी उभी राहिले. घाटकोपरहून आणलेलं फरसाण वर दिलं.

"पत्र टाका मॅडम."

"टाकीन. आधी तिथे काही घडू दे."

"काही घडलं नाही तरी टाका."

त्या हसल्या. कंडक्टरने घंटा मारली, ड्रायव्हर चढला. शेजारची जागा अजून रिकामी होती, मॅडमनी तिच्यावर पर्स आणि फरसाणाचा पुडा ठेवला होता. गाडी हलली, मी हात केला, त्यांनीही केला. मग वळून त्यांनी पर्स आणि पुडा दोन्ही उचलून मांडीवर घेतलं, सीटवरची धूळ हाताने झटकली, आणि खिडकीच्या बाजूला सरकून बसल्या, वाटेत कुणी चढलं तर त्याला नीट बसता यावं म्हणून.